जाळरेषा फेब्रुवारीतच झाल्या, मग एप्रिलात जंगल पेटतंच कसं?

अंधारीकाठ | २ मार्च, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच, बोर, मेळघाट, कुठल्याही कोअरच्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या भागाच्या, हद्दीवर आत्ता गेलात तर जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) काळ्याभोर दिसतील. राज्यात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात आणि रेषा १५ फेब्रुवारीच्या आत जाळून व्हायला हव्यात. कागदावर त्या झालेल्या असतात. तरी एप्रिल आला की आग त्याच रेषा ओलांडून आत जाते.

माझं मत आधीच सांगतो. दोष रुंदीचा नाही. बाहेरच्या हद्दीला १२ मीटर, आत ६ आणि ३ मीटर, एवढी रुंदी पालापाचोळ्यातून सरकत येणाऱ्या आगीला पुरते. घोळ १५ फेब्रुवारीनंतर होतो. साग उशिरापर्यंत पानं टाकत राहतो, मोहही फेब्रुवारी-मार्चात उघडा पडतो, येन-धावड्याचं चालूच असतं. जानेवारीत जाळलेल्या रेषेवर मार्चअखेर पुन्हा घोट्याइतका पाला साचतो. त्यात सागाचं पान भलं मोठं. ते पेटलं की वाऱ्याने उचललं जातं आणि नेमकं त्या पाल्यावर जाऊन पडतं.

काम कसं व्हायला हवं ते नवीन सदस्यांसाठी थोडक्यात: गवत नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात, पिवळं पडू लागलं की कापायचं. त्यापुढे ते आडवं लोळतं, विळा नीट चालत नाही आणि कुसळं अंगात घुसतात ती वेगळीच. कापलेलं रेषेच्या मध्यावर ओढायचं, दोन्ही कडांना दीड-दोन मीटर पट्टा मातीपर्यंत झाडून घ्यायचा, आठ-दहा दिवस वाळू द्यायचं आणि संध्याकाळी वारा पडल्यावर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पेटवत जायचं. कडा न झाडता पेटवलं तर जाळरेषेचीच आग जंगलात जाते. असे प्रकार कमी नाहीत.

आता प्रश्न. मार्च-एप्रिलातली झाडणी तुमच्या भागात कोण करतं? ब्लोअर बरा की खराटा? आणि बफरमधल्या (कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावांनी हे काम अंगावर घेतलं तर टिकतं का?

वऱ्हाडी_ठेचा | रात्री ९:२६

जाळरेषेचा खरा उपयोग वाघाले हाये बाप्पा. सकाळी मस्त ऐसपैस बसते मधात. अन् जिप्सीतले पाहुणे म्हणतात, रोड किती छान साफ ठेवला आमच्यासाठी.

सातपुडा_उतार | रात्री १०:०२

अंधारीकाठ, तुमचा हिशोब सपाटीचा आहे. मेळघाटात तो तसाच्या तसा लागू नका करू.

उतारावर खालून वर चढणारी आग पुढचं गवत आधीच भाजून सुकवत जाते. उतार १० अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. अशा वेळी मधल्या उतारावरची १२ मीटर रेषाही कमी पडते. म्हणून आमच्याकडे धार, म्हणजे डोंगराचा माथा, सोडायची नाही. रेषा धारेवर किंवा धारेच्या पलीकडे चार पावलं खाली. तिथवर आलेल्या आगीला पुढे उतरावं लागतं, ज्वाळा मागे झुकतात, आणि माणसाला हात घालायला वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट सपाटीवाल्यांना माहीत नसते. पेटलेले ओंडके गडगडत खाली येतात. वरची आग विझवून लोक घरी निघतात आणि खाली नाल्यात दुसरी सुरू झालेली असते. यावर उपाय जुनाच आहे: आडव्या रेषेच्या खालच्या कडेला फूटभर खोल चर काढायचा आणि निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला बांधासारखी टाकायची. ओंडका तिथे अडकतो.

आणि नियम एकच, तो मोडायचा नाही. चढत्या आगीच्या वर उभं राहून विझवायला जायचं नाही. बाजूने धरायचं.

पळसफूल | ३ मार्च, सकाळी ७:४५

सूचनांबद्दल थोडं. भारतीय वन सर्वेक्षण विभागाचे मोबाइलवर येणारे आगीचे इशारे कोणालाही फुकट नोंदवता येतात, फक्त वनखात्याच्या लोकांनाच असं नाही. जिल्हा, परिक्षेत्र निवडून नंबर टाकला की झालं. पण ते वाचता यायला हवेत.

उपग्रहावरचा जो संवेदक वापरतात त्याच्या चित्रातला एक ठोकळा (पिक्सेल) ३७५ मीटरचा असतो. इशाऱ्यातले अक्षांश-रेखांश त्या ठोकळ्याच्या मध्याचे असतात, आगीचे नव्हेत. त्यामुळे बिंदूवर पोचलात आणि काही दिसलं नाही तर लगेच 'खोटा इशारा' लिहून परतू नका, चहूबाजूंनी दोनशे मीटर फिरा.

उपग्रह डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. दुपारी चारला लागलेली आग रात्रीशिवाय दिसत नाही. तोवर ती कुठल्या कुठे. म्हणजे मनोऱ्यावरचा माणूस अजून हवाच, आणि तोही दुपारी ३ ते ७ या वेळात झोपलेला नको.

चंद्रपूरकडच्यांसाठी खास: खुल्या कोळसा खाणी, वीटभट्ट्या, कारखान्यांच्या भट्ट्या याही उष्णता म्हणून दिसू शकतात. वनहद्दीची चाळणी लावलेली असते, पण हद्दीला लागून असलेली भट्टी निसटून येतेच. दर आठवड्याला त्याच जागेचा बिंदू येत असेल तर समजून जा.

मोहाची_टोपली | सकाळी ९:१८

'आग आत जाते' म्हणजे गावातून जाते, असंच म्हणायचं आहे ना? मग गावाची बाजूही लिहून ठेवते.

मोह मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. फूल पहाटेपासून टपटपतं, ऊन चढेपर्यंत वेचून व्हायला पाहिजे. झाडाखाली पाला असेल तर फूल दिसत नाही, म्हणून पाला पेटवतात. ही झाली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. दुसरी कोणी लिहीत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला झुडपामागचं काही दिसत नाही. मोह आणि तेंदूच्या दिवसांतच वाघाचे हल्ले होतात. भुई मोकळी असली की चाळीस पावलांवरचं जनावर दिसतं. आग लावणं बरोबर आहे असं म्हणत नाही. पण तुम्ही नुसतं 'आग लावू नका' म्हणालात तर या भीतीचं काय, हे कोणी सांगत नाही.

झाडीपट्टी | सकाळी १०:०५

मोहाची_टोपली ताई, मुद्दा शंभर टक्के मान्य. भीतीवर आग हे औषध नाही, पण उपाय गावाच्या अंगाने शोधावा लागेल.

नवेगावच्या बाजूच्या गावांत जे चालतं ते सांगतो. घेराखालचा पाला खराट्याने ओढून बुंध्यापासून लांब ढीग करायचा, पेटवायचा नाही. त्यावर जुनी लुगडी किंवा हिरवी शेडनेट. चार खुंट्या ठोकून जाळी जमिनीपासून दोन-तीन फूट वर ताणायची, मधे थोडा झोळ ठेवायचा म्हणजे फूल घरंगळून एका जागी जमतं. फुलाला माती लागत नाही, वाळवताना ते काळं पडत नाही, भाव बरा मिळतो. आणि पहाटेच जायची गरज उरत नाही. उजाडल्यावर, चार-पाच जणींनी मिळून गेलं तरी फूल जाळीतच असतं. जनावराच्या भीतीवर खरा उपाय हा आहे.

अडचणीही सांगतो. मोठ्या मोहाचा घेर आठ-दहा मीटर असतो, एका जाळीत मावत नाही. फूल जास्त ज्या अंगाला पडतं त्या अंगाला जाळी लावायची, बाकीचं झाडून. वावधन आलं की जाळी फाटते, म्हणून वारा वाढला की एक कड सोडून द्यायची. चोरीचं मात्र काही करता येत नाही, रोज घरी आणावी लागते.

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी १०:११

लुगडं फाटलं तर घरी काय सांगायचं, हे पण सांगा न भाऊ. 😄

बीजा_तिवस | दुपारी १२:४०

तेंदूबद्दलही लिहिलं पाहिजे. पालवी चांगली फुटावी म्हणून जंगल जाळतात. आगीने पालवी फुटते हे खरं, मुळांतून धुमारे येतात. पण तेच काम खुटकटाई करते. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यात झुडूप जमिनीलगत धारदार कोयत्याने एका घावात कापायचं. मे महिन्यात तोडणीला दीड महिन्याची कोवळी, रुंद पानं तयार होतात. बोथट कोयत्याने खोड चिरलं की त्या खुटाला कीड लागते आणि पुढच्या वर्षी धुमारे बारीक येतात. ठेकेदाराने कटाईचे पैसे वाचवले की त्याची जागा काडीपेटी घेते.

तेंदूच नको असं ठरवणारं गावही आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडणी बंद केली, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. बांबूवर त्यांचं भागलं. प्रत्येक गावाला हे परवडेल असं नाही.

वारंवार जळालेल्या जंगलात पुढे काय उरतं तेही बघा. साग आगीला दाद देत नाही. बीजा, तिवस, हिरडा यांची हात-दीड हात रोपं एका आगीत जातात. दरवर्षी आग म्हणजे हळूहळू निव्वळ साग. मग तृणभक्षींना खायला काय, हा प्रश्न व्याघ्र प्रकल्पाचा आहे.

गवताळ_पट्टा | दुपारी २:२२

बीजा_तिवस यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत, पण कोअरमध्ये चित्र थोडं उलटं आहे आणि ते या धाग्यात आलेलं नाही.

राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव कायद्याच्या कलम ३५ नुसार गुरं चारायला बंदी. ताडोब्यात बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी ही गावं उठली, मेळघाटात बोरी, कोहा, कुंड. शेताच्या जागी कुरणं झाली, वन्यप्राण्यांना फार चांगलं झालं. पण ज्या गवताला आधी गुरं खायची ते आता डिसेंबरात कमरेइतकं वाळून उभं असतं. बफरमध्ये काडी लावणारे हात जास्त, जळायला कमी. कोअरमध्ये हात नाहीत, जळायला भरपूर. म्हणून हद्द ओलांडून आलेली तीच आग आत एकदम अंगावर येते. जाळरेषेची रुंदी ठरवताना पलीकडचं गवत किती उंच आहे हे बघायला हवं. घोट्याइतक्या पाल्याला ६ मीटर पुरतील, कमरेच्या गवताला नाही.

पळसफूल | दुपारी २:५०

मग कुरणं जानेवारीत थोडी थोडी जाळून टाकायची. बाहेरच्या देशांत करतात. कोवळं गवत फुटतं, चितळ येतात.

गवताळ_पट्टा | दुपारी ३:३१

इथेच मी अडतो. आपल्या गवतांत कुसळ आगीनंतर जोमाने येतं. मारवेल, पवन्या या चाऱ्याच्या जाती वारंवार जाळलं की मागे पडतात. दोन-तीन वर्षं हिरवं दिसतं, चितळ येतात, फोटो छान येतात, आणि कुरणाचं कुसळाचं रान होतं. तरोट्याच्या तणाला तर आगीची फिकीरच नाही. त्याचं बी कठीण कवचाचं, वरवरच्या आगीने मरत नाही. तरोटा, रानतुळस उपटायची ती ऑगस्ट-सप्टेंबरात, फुलावर यायच्या आधी, माती ओली असताना मुळासकट.

त्यापेक्षा पट्टे कापा. कुरणात १० मीटर रुंदीचे पट्टे डिसेंबरात कापायचे, मधे ४०-५० मीटर उभं ठेवायचं. पुढच्या वर्षी पट्टे सरकवायचे. लावऱ्या, तितर यांना घरट्याला आडोसा राहतो आणि आग आलीच तर पट्ट्यावर धरता येते.

बीजा_तिवस | दुपारी ४:०५

पूर्ण मान्य नाही. खडकाळ, उथळ मातीच्या पठारावर कापायला माणसं पोचत नाहीत. तिथे जानेवारीत दव असताना तुकड्यांनी थंड आग देणं मला चालेल, तीन-चार वर्षांतून एकदा, पाळीपाळीने. दरवर्षी सगळं नाही. पण हे आराखड्यात लिहून, अधिकाऱ्याच्या हजेरीत. कोणी आपल्या मनाने पेटवली तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३० अन्वये तो गुन्हाच आहे, अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानातही.

गवताळ_पट्टा | दुपारी ४:१२

'तीन-चार वर्षांतून एकदा' एवढं पाळलं गेलं तर माझा विरोध संपला. पाळलं जात नाही, म्हणून बोलतो.

दोन_स्ट्रोक | सायंकाळी ६:५५

अंधारीकाठ यांचा ब्लोअर की खराटा हा प्रश्न मागेच पडला. घ्या.

पाठीवरचा ब्लोअर झाडायला आणि आग विझवायला दोन्हीकडे चालतो, पण माणसं तो चुकीचा चालवतात. आगीवर वरून सरळ हवा मारली की निखारे उडतात आणि पलीकडे दहा ठिकाणी नवीन आग. नळी जमिनीशी तिरपी, ज्वाळेच्या बुडाशी धरायची आणि आग जळालेल्या बाजूला लोटायची. एका मागे एक दोन ब्लोअर: पहिला ज्वाळा पाडतो, दुसरा तोच पट्टा मातीपर्यंत मोकळा करतो. मागे दोघं दाताळं आणि पाण्याचा पंप घेऊन. चालवणारा पंधरा-वीस मिनिटांनी बदलायचा, उष्णतेने माणूस लवकर गळतो. ज्वाळा छातीला लागतील एवढ्या असल्या तर ब्लोअर बाजूला ठेवा, मागच्या रेषेवर जा. गुडघ्यावरच्या उभ्या गवतात तर तो आगीला फुंकर घालतो.

यंत्राचं: पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मापात, बहुतेकांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. अंदाजे ओतू नका. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर सायलेन्सरमध्ये काजळी. सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगी अडवणारी जाळी काढून टाकलेली दिसते, 'पॉवर वाढते' म्हणून. वाळल्या पाल्यात ती काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. गरम इंजिनात पेट्रोल भरायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं. रेषेपासून लांब, झाडलेल्या जागेवर भरायचं.

राखेत काम केल्यावर एअर फिल्टर त्याच संध्याकाळी झाडायचा. आणि सगळ्यात मोठी खोट पावसाळ्यात होते. जूनमध्ये टाकीत पेट्रोल तसंच ठेवून यंत्र कोठीत टाकतात. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं, कार्बोरेटर चिकट होतो. फेब्रुवारीत दोरी ओढून ओढून माणसं थकतात, दोरी तुटते, आणि 'मशीन बेकार' असा शेरा. जूनअखेर टाकी रिकामी करा, बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवा.

खराट्याला अर्थात यातलं काही लागत नाही. दगडगोट्यांच्या, वेलींच्या रेषेवर खराटा आणि दाताळंच बरं.

वऱ्हाडी_ठेचा | सायंकाळी ७:०८

'मशीन बेकार' हा शेरा जिकडेतिकडे आयता छापून मिळते काय जी?

धुऱ्यावरचा | रात्री ८:३३

आतापर्यंत मोह झाला, तेंदू झाला. शेतकऱ्याला कोणी धरलं नाही म्हणून मीच धरतो.

एप्रिल-मेमध्ये वखरणीआधी धुरे (शेताचे बांध) जाळतात, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून ढीग पेटवतात, गव्हाच्या धसकटाला काडी लावतात. शेत जंगलाला लागून असेल तर धुरा आणि जाळरेषा यांत अंतरच नसतं. दुपारी बाराला काडी लावतात, जेवायला घरी जातात, दोनला वारा सुटतो.

न जाळता जमत असेल तर उत्तमच. पऱ्हाटी यंत्राने बारीक करून मातीत मिसळता येते. जाळायचंच असेल तर: संध्याकाळी सहानंतर, धुऱ्याच्या जंगलाकडच्या अंगाला दोन तास आधी वखराने तीन-चार फेरे मारून माती उलटी करायची, पाण्याचा फवारणी पंप भरून शेजारी ठेवायचा, आणि जंगलाकडून शेताच्या दिशेला जाळत यायचं, उलटं नाही. ढीग असेल तर झाडाच्या फांदीखाली नाही. वनरक्षकाला आधी एक फोन. तेवढ्याने उपग्रहाचा इशारा आला की त्याची धावपळ वाचते.

नवा_भिडू | ४ मार्च, सकाळी ८:२०

उलटी आग देतात म्हणजे काय करतात? आग समोरून येत असताना आपणच आग लावायची, हे समजलं नाही.

सातपुडा_उतार | सकाळी ९:४०

जाळरेषेवर उभं राहून, रेषेच्या त्या कडेला पेटवायचं जिकडून मोठी आग येते आहे. ती हळूहळू मोठ्या आगीकडे सरकते आणि दोघी भेटतात तिथे जळायला काही उरत नाही. मोठी आग जवळ आली की समोरची हवा स्वतःकडे ओढते, त्या ओढीने आपली आगही तिकडे वळते. फार लवकर लावली तर वाऱ्याने ती आपल्याच अंगावर येते, फार उशिरा लावली तर रेषा सोडून पळावं लागतं. म्हणून ही नवशिक्याने करायची गोष्टच नाही. एक जण ठरवणार, बाकीचे रेषेच्या मागे पहारा देणार, पुढे कोणी माणूस अडकलेला नाही याची वायरलेसवर खात्री झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. मेळघाटात मोबाइलची रेंज जिथे नाही तिथे वायरलेसची बॅटरी उतरलेली असली तर उलट आग देऊच नका.

कपडे सुती. नायलॉनचा टी-शर्ट वितळून कातडीला चिकटतो. पळायची वाट कामाला लागायच्या आधी ठरलेली हवी, आणि पळायचं ते जळून गेलेल्या काळ्या भागात, पुढच्या गवतात नाही.

पळसफूल | सकाळी १०:१५

वेळेचंही महत्त्व. विझवण्याचं खरं काम रात्री दोन ते सकाळी आठ. दमटपणा वाढलेला, वारा पडलेला, आग बसलेली असते. दुपारी बारा ते चार चाळीस-पंचेचाळीस अंशांत माणसं झोकून काही हाती लागत नाही, त्या वेळात पुढच्या रेषा झाडून ठेवा.

झाडीपट्टी | सकाळी ११:०२

आणि विझल्यावर घरी जाऊ नका. पोकळ येन, वाळलेला उभा खुंट, बांबूचं बेट, वारुळ यांत आग दोन-दोन दिवस धुमसते. कडेपासून आत २०-३० मीटरपर्यंतचा प्रत्येक ओंडका फिरवून बघायचा, हाताची मागची बाजू जवळ नेली की ऊब कळते. पेटका उभा खुंट रेषेच्या बाजूला पडेल असा असेल तर त्याच्याभोवती मातीपर्यंत झाडून ठेवायचं. मानवेल बांबू फुलून वाळला असेल त्या भागात तर दुप्पट पहारा. दुसऱ्या दिवशी दुपारी सुटलेल्या वाऱ्याने पेटलेल्या आगींना लोक 'पुन्हा कोणीतरी लावली' म्हणतात. अर्ध्या वेळा ती कालचीच असते.

मोहाची_टोपली | सायंकाळी ५:४७

अंधारीकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, गावाने काम घ्यावं का.

घ्यावं, पण आत्ता देतात तसं नाही. रेषेचं काम किलोमीटरवर दिलं की एकदा साफ केलं, मोजमाप झालं, पैसे मिळाले, विषय संपला. मार्चात पाला पडला तर त्या कामाला पैसेच नाहीत, मग झाडेल कोण? काम हंगामावर द्या. फेब्रुवारी ते जून अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंतची रेषा या गटाची, दर पंधरा दिवसांनी पाहणी, रेषेवर पाला दिसला तर त्या हप्त्याचे पैसे कापा. पण साफ असेल तर हप्ता त्याच महिन्यात हातात पडला पाहिजे. हंगामी मजुराचे पैसे दिवाळीत आले तर पुढच्या वर्षी तो येत नाही, आणि त्याचं काय चुकलं?

भारतीय वन कायद्याच्या कलम ७९ मध्ये हक्कदारांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. ते कलम दाखवून माणसं येतात, मनापासून काम करत नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी जंगल राखलं ते आपलं मानून, कलमाच्या धाकाने नाही.

अंधारीकाठ | रात्री ९:२०

हंगामावर काम ही गोष्ट मला पटली. पाहणीची तारीख पंधरवड्यावर ठेवू नका, पानगळीवर ठेवा. सागाच्या पट्ट्यात मार्चमध्ये दर आठ दिवसांनी झाडावं लागेल, एप्रिलच्या मध्यानंतर पाला कमी, तिथे पंधरा दिवस पुरतील. वावधन येऊन गेलं की वेळापत्रक न बघता दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी. सातपुडा_उतार यांच्या चराचा मुद्दा उतारावरच्या रेषांना जोडून घ्या, आणि गवताळ_पट्टा म्हणाले तसं कुरणाच्या कडेला रुंदी वाढवूनच द्या, नाहीतर गटाने कितीही झाडलं तरी आग उडी मारेल आणि दोष गटावर येईल.

एक उरलं. सात-आठ जणांच्या गटाला ब्लोअर किती द्यावेत?

दोन_स्ट्रोक | रात्री ९:४४

दोन चालू, एक राखीव. एकच दिला तर बंद पडला त्या दिवशी सगळे खराट्यावर, तीन चालू दिले तर मागे दाताळ्याला माणूस उरत नाही. राखीव यंत्र कार्यालयात कुलपात नको, गटाकडेच हवं, आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालवायचं.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री ९:५१

अन् पेट्रोल कोणाच्या मोटरसायकलीत जाईन, ते बी करारात लिहून घ्या.

दोन_स्ट्रोक | रात्री ९:५८

त्याला सोपा इलाज. पहिल्या दिवशी टाकी काठोकाठ भरा, पूर्ण वेगावर किती मिनिटं चालते ते घड्याळ लावून सगळ्यांसमोर मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे रोज चालू-बंदची वेळ तेवढी नोंदवायची. शिवाय ऑइल मिसळलेलं पेट्रोल हिरवट किंवा निळसर दिसतं, मोटरसायकलवाला ते घ्यायला दोनदा विचार करतो.